गाडी गेल्याचा आवाज

हळद हाय ती, भाऊ. घाबरू नका, दुसरं काय न्हाई. — हसताय तुमी, पन आमच्या पासलीकडं गळक्या रेडिएटरला हळदच टाकत्यात. घाटात गाडी तापली, पानी ठिबकाया लागलं, की डायवरानं शिटाखालची पुडी काढायची, चिमटीभर हळद आत सोडायची, भोक बुजतं आन् गाडी नसरापूरपत्तूर येती. आमचं मालक तसंच करायचे — करत्यात, म्हंजी. त्ये चिमटीभरच घालत्यात. म्या जरा जास्त घातली. किती म्हंजी… घरात व्हती तेवढी. डबाच वतला. — आवो, आसू द्या की, ठिवून तरी काय करायची व्हती, मला आता लागती कुठं हळद —

भाजीला वो. भाजीचं म्हनतीय म्या. एकटीच्या — दोघा-तिघांच्या भाजीला कितीशी लागती. तुमी काढा ती जाळी, काढा. धुऊन बी निघंना म्हनताय? आत दगड झालाय? बरं, मग नवाच टाका, म्या आल्यापासनं त्येच म्हनतीय. वेल्ह्याचा गॅरेजवाला बी म्हनला, मावशी, ह्यो आता डाग देऊन भागायचा न्हाई, नसरापूरला जावा, तितं हायवेच्या अंगाला रेडिएटरचं दुकान हाय. म्हनून तुमच्या दारात आले. फकस्त आज व्हायला पायजे. उद्या न्हाई, आजच. तिनीसांजेला गाडी माझ्या दारात उभी पायजे.

का म्हंजी? धंदा हाय न्हवं. वडापची जीप. सकाळी पासलीवरनं भरून निघायचं, सांजेला हितनं परत. एसटीचं तुमाला ठावं हाय, आली तर आली. मानसं खोळंबत्यात. — मालक का न्हाई आले? त्यास्नी जरा बरं न्हाई. गाडी पुतन्यानं आनली, इंद्रजितनं. वाटंत जितं वढा दिसंल तितं थांबला, कळशीनं पानी घातलं, वाफ निवली की परत निघाला. म्या कळशी मांडीवर धरून बसलेली. तुमच्या दारात आली आन् बंद पडली, मग परत धरंना. आता त्यो भोरला गेलाय. काम म्हंजी… आता ताकाला आले आन् भांडं कशाला लपवू. भंगारवाल्याला आनायला गेलाय. माझा लेक, सार्थक, पुन्यात असतो, त्यानं फोनवरनं ठरीवलंय सगळं — आई, ती गाडी काढून टाक आन् हिकडं राहायला ये. म्या म्हनले, बरं. पन एक बोली. आदी गाडी रेडिएटरच्या दुकानात न्यायची. धड चालू झाली तर ती माझ्या दारात परत जाईल आन् पुन्यांदा कुनी हा विषय काढायचा न्हाई. न्हाई झाली चालू, तर तुमी म्हनाल तसं, भंगारात घाला आन् मला पुन्याला न्या. इंद्रजित हसला आन् व्हय म्हनला. सार्थक बी व्हय म्हनला. दोघास्नी वाटतंय न्हाईच व्हायची चालू. तवा सगळं आता तुमच्या हातात हाय, भाऊ. — हेड? तापून इंजिनाचं हेड गेलं आसंल तर नवा रेडिएटर घालून बी उपेग न्हाई? तसं बोलू नका. आदी घाला तर. मग बघू.

किती बारीक जाळी असती नाय नव्याची. आन् हे काय, बाजूचं पिलास्टिकचं? आमच्या जुन्याला पितळंचं व्हतं. त्ये राखेनं घासायचे. मानूस घरातली भांडी घासत न्हाई, पन रेडिएटर घासतो, असं माझ्या सासूबाई म्हनायच्या —

आँ? कुठं? मागच्या शिटाखाली? — आगंबया. अंडं हाय ते. आमच्या तलंगीचं आसंल. न्हाई, पॅसेंजर आनत्यात की कोंबड्या, बाजाराला नेत्यात, तेच एखादं… व्हय, गवत हाय खाली. व्हय, पिसं बी हायत. आता पॅसेंजरची कोंबडी शिटाखाली गवताचं घर करून कशाला बसंल म्हना. — टायरकडं नका बघू, भाऊ. टायरचं काम दिलंय का तुमाला? एका अंगानं बसल्यात, भेगा पडल्यात, मला बी दिसतंय. सकाळी इंद्रजितनं हवा मारली म्हनून आलो हितवर. — बरं. कळलंच हाय तुमाला, आता बाकी काय ऱ्हायलं. न्हाई चालत गाडी. दारातच उभी असती. वडाप न्हाई न् काय न्हाई.

आन् त्ये बी न्हाईत.

न्हाई, तुमाला फसवायचं म्हनून न्हाई बोलले. तोंडाला सवय लागलीया. ‘मालक कुठं?’ म्हनलं की जीभ आपसूक म्हनती, नसरापूरला गेल्यात. हातात ह्या बांगड्या, कपाळाला टिकली, ते बघून तुमाला तरी काय वाटावं. गावातल्या बाया सुरवातीला म्हनायच्या, मंगल, लोक काय म्हनत्याल. म्हनू द्यात. — तुमी काम करा, थांबू नका. तुमचा हात चालू ऱ्हायला तर बोलाया बरं पडतं. तोंडाकडं बघत बसलात तर मला बोलता येनार न्हाई.

हितंच गेले त्ये, भाऊ. म्हंजी जीव पुन्यात दवाखान्यात गेला, पन कळ हितं आली, ह्या नसरापूरच्या फाट्यावर. पॅसेंजर भरायची वाट बघत बसले व्हते, स्टेरिंगवर हात ठिवून. लोकांनी दुसऱ्या गाडीत घालून पुन्याला नेलं. म्या पोचले तवा नळ्या लावलेल्या. बोलनं झालंच न्हाई. पावसाचे दिस, आमच्या घाटात दरड आलेली, रस्ता बंद — मयत गावाला न्यायची कशी? सार्थकनं पुन्यातच केलं सगळं. दिवस बी तिकडंच घातलं. आन् हिकडं घरी आत्या, सासू माझी. अंगावरनं वारं गेलेलं, बाजंवर पडून. डोळ्यानं दिसत न्हवतं, पन कान असं तिखट की मांजर चुलीपाशी आलं तरी हाड म्हनायच्या. शेजारची फुलाबाई बघत व्हती त्यास्नी. सगळे मला म्हनले, म्हातारीला एवढ्यात सांगू नको, लेकाचं ऐकून म्हातारी बी जाईल. मग रस्ता मोकळा झाला, तवा इंद्रजितनं फाट्यावरनं ही गाडी घेतली, मला बसीवलं आन् पासलीला आनलं. गाडी दारात आली, आवाज झाला, त्यानं बंद केली. आन् आतनं आत्यांचा आवाज आला, ‘आला का गं माझा सोनबा?’ — त्यांचं नाव घेतलं म्या, आता त्याचं काय, आत्या घ्यायच्या तसं सांगतीय. म्या उंबऱ्यात. एक पाय भाईर, एक आत. काय सांगायचं व्हतं मला? तोंडातनं निघालं, ‘आले, आत्या.’

एवढंच. ठरीवलं न्हवतं वो काय. वाटलं, आजची रात जाऊ दे, उद्या सांगू. तर सकाळी भाकरी थापत व्हते आन् आत्या म्हनत्यात, ‘आज जायचं न्हाई का त्याला? गाडीचा आवाज न्हाई आला.’ तवा म्या हात धुतलं, भाईर आले, गाडीत चढले. कधी बसले न्हवते त्या जागंवर. पन लगीन झाल्यापासनं त्यास्नी बघत आलेली — चावी अर्धी फिरवायची, जरा थांबायचं, ती लाल बत्ती विझली की मग पुरती फिरवायची. चालू झाली. मला गाडी चालीवता येत न्हाई, आजून बी येत न्हाई. नुसती चालू करता येती. मग काय केलं, पाय दाबून आवाज मोठा केला, आन् मग हळूहळू पाय सोडत गेले — हळू, लई हळू — म्हंजी गाडी आळीतनं निघाली, देवळाम्होरनं गेली, वळनावर गेली, असं वाटावं. मग बंद. आत आले, आत्या म्हनल्या, ‘गेला का?’ म्या म्हनले, ‘गेले, आत्या.’ सांजेला उलटं करायचं. आदी बारीक, मग मोठा. ‘आला का?’ ‘आले, आत्या.’

रोज. पाऊस आसो, थंडी आसो. रोज सकाळी आन् रोज सांजेला.

तुमाला वाटंल, आई कधी म्हनली न्हाई का, त्याला हिकडं आन, बोलू दे? — न्हाई. म्या आपली म्हनायची, थकून निजले. ‘निजू दे’ म्हनायच्या. त्ये तसे बी आईशी चार शब्द बोलायचे न्हाईत कधी, ‘जेवलीस का’ एवढंच. भेटाया येनारं गाव बी शहाणं, दारात डोळं पुसायचं आन् आत हसत यायचं. आन् ह्या बांगड्या — आत्यांच्यापायीच ठिवल्या. त्यास्नी पानी पाजताना वाजत्यात ना. वाजायच्या थांबल्या तर कळलंच की म्हातारीला. फुलाबाईला तसंच सांगितलं म्या.

— फोन वाजतोय. माझाच हाय. वाजू द्या. सार्थकचा आसंल, इचारंल, झालं का गं आई. चांगला हाय वो लेक, वंगाळ कशाला बोलू. सून बी चांगली, सृष्टी, मला अगं आई म्हनती. दोघं सकाळी कामावर जात्यात, सांजेला येत्यात, तवर दार लावून बसायचं, आन् कुनी बेल वाजीवली तर आदी भोकातनं बघायचं. चार दिस ऱ्हायले व्हते. हितं बी एकटी आन् तितं बी एकटी. पन हितं ही गाडी हाय.

ह्यो कुठला पाइप? नवा? टाका. — हे हिरवं काय वतताय? हेच पानी? शरबतावानी हाय. आमच्या वढ्याचं पानी चालत न्हाई? गंज धरतो? आता इतकी वर्सं त्येच घातलं, कुनी सांगितलं न्हाई. सांगनार तरी कोन, त्यास्नी बी ठावं नसंल.

आत्या कधी गेल्या इचारताय? औंदा भात झोडून झालं, पेंढा रचला, त्याच आठवड्यात. निजल्या जागी. पन आदल्या सांजेचं सांगते. सांगू का नको… आता एवढं सांगितलं. म्या गाडी ‘आनली’ — म्हंजी आवाज केला, बंद केला, आत आले. ‘आला का’ म्हनलंच न्हाई त्यांनी. म्हनल्या, हितं बस. माझा हात धरला, बांगड्या चाचपल्या एक-एक. आन् म्हनल्या, ‘मंगल, आता डिझेल जाळू नको पोरी.’

म्या म्हनले, काय म्हनताय आत्या? तर म्हनल्या, ‘म्या पयल्याच दिशी वळखलं. सोनबा गाडी बंद करायच्या आदी दोनदा आवाज मोठा करायचा, मग बंद. उगाच. पोरगा व्हता तवा ट्रॅक्टर बी तसाच बंद करायचा. त्या दिशी गाडी आली आन् गप झाली. म्हनलं, ह्यो माझा लेक न्हवं. आन् त्यापाठनं त्यो कधीच आला न्हाई.’ — मला त्ये दोनदा ठावं न्हवतं, भाऊ. इतकी वर्सं संसार केला, इतकी वर्सं ती गाडी दारात येताना ऐकली, आन् माझ्या कानाला ते कधी कळलं न्हाई. आईच्या कानाला कळलं.

म्या म्हनले, मग तुमी रोज इचारत का व्हता? ‘गेला का, आला का’ — कशापायी? तर त्या म्हनल्या, ‘तू आलीस त्या दिवसापासनं रडली न्हाईस. बोलत बी न्हवतीस कुनाशी. म्या इचारलं न्हाई तर तू दिसभर तोंड उघडशील का? सकाळी एक आन् सांजेला एक, तेवढं तरी बोलायचीस.’

आता सांगा. म्या त्यांच्यासाठनं गाडी लावत व्हते, आन् त्या माझ्यासाठनं इचारत व्हत्या. दोघी बी एकमेकीला फसवत बसलो आन् दोघींचं बी दिस निघालं. त्या रात्री रडले म्या. त्यांच्या पायाशी बसून रडले, त्यांचं लेकरू आन् माझा नवरा, दोघी मिळून रडलो एकदाचं. त्यांनी डोक्यावर हात ठिवला, एकच हात हलायचा त्यांचा, आन् ठिवून दिला तसाच. सकाळी भाकरीची हाक मारली तर उठल्याच न्हाईत.

मग आता गाडी कशाला पायजे? — इचारा, इचारा, तुमच्या तोंडावर दिसतंय. सार्थक बी त्येच म्हनला, आजी गेली, आता कुनाला ऐकवायचीय? त्याला काय सांगू. तेरावं झालं, मानसं गेली, फुलाबाई बी लेकीकडं गेली थंडीपुरती, आमच्या आळीला एक माझंच दार उघडं. पयल्या सकाळी भाकरी केली एकच, तव्यावर ठिवली, आन् पाय आपलं गाडीकडं. चावी अर्धी फिरीवली, थांबले, पुरती फिरीवली. आवाज झाला. बरं वाटलं, भाऊ. खोटं न्हाई बोलत, लई बरं वाटलं. घरातनं कुनीतरी कामाला गेलंय आन् सांजेला परत येनार हाय, असं वाटतं दिसभर. मानूस भांडी घासतं, कोंबड्या कोंडतं, सांजेला दोन भाकऱ्या थापतं. दुसरी सकाळी कोंबड्यांस्नी.

पन आत यिऊन उभी ऱ्हायले की गप. कुनी इचारीत न्हाई, गेला का. म्हनून मग म्या सांजेला आतच जाईना. गाडीतच बसून ऱ्हायची, चालू ठिवून. काळोख पडंपत्तूर. बंद केली की मग घरात जावं लागतं ना. त्यातच तापली ती. उभ्या गाडीला वारं न्हाई, पानी ठिबकत व्हतं ते मला कळलं न्हाई, काट्याकडं कोन बघतंय. वाफ उडाली तवा म्या हळदीचा डबा आनायला पळाले. म्हनलं, ह्यास्नी जमायचं, मला बी जमंल. चिमटीभर घालायची असती हे ठावं व्हतं मला. पन हात थांबंना. सगळी गेली तरी चालंल, पन ही थांबू नये, असं झालं व्हतं.

— झालं? आवळलं समदं? मीच लावू चावी? न्हाई, तुमी लावा, तुमच्या हाताला गुन हाय. … बरं, देते. बसते. सरका जरा. ह्यो दरवाजा असाच कुरकुरतो, त्याला तेल घालू नका.

हेड गेलं नसंल ना, भाऊ? गेलं आसंल तर आताच सांगा, म्या चावी फिरवीत न्हाई. — कळत न्हाई म्हनता, लावल्याबिगर. बरं.

अर्धी. थांबायचं. लाल बत्ती… विझली. आता —

धरला. धरला बगा. आवाज बगा की वो, त्योच हाय, तसाच हाय, जरा बी बदलला न्हाई. थांबा, तुमी काय बोलू नका, जरा थांबा —

गेले, आत्या.

काय? न्हाई, तुमाला न्हाई म्हनलं. तुमी पानी बगा, कुठं गळत न्हाई ना ते. त्यो बगा, इंद्रजित यायलाय, संगं मानूस हाय त्याच्या. यीऊ द्यात, ऐकू द्यात लांबनंच. ते अंडं तेवढं तुमी घरी न्या. आन् बॉनेट लावून घ्या, भाऊ, आन् तिकडं तोंड करून उभं ऱ्हावा. हिकडं बघू नका. जरा येळ कुनी बघू नका माझ्याकडं.